‘जेन एअर’ घ्यावी की ‘मिडलमार्च’?

धर्म माणसाच्या स्वभावाचं काय करतो हे बघायला व्हिक्टोरियन काळातली एकच कादंबरी वाचायची असेल, तर निवड या दोघींतच करा.

शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ (१८४७) पटकन पकडते. नरकात जायचं टाळायला काय करशील, असं पाद्री ब्रॉकलहर्स्ट विचारतो, तर दहा वर्षांची जेन म्हणते, तब्येत सांभाळायची आणि मरायचंच नाही! हाच गृहस्थ पुढे अनाथ मुलीचे जन्मजात कुरळे केस कापायचं फर्मान काढतो आणि तेवढ्यात त्याची बायको नि मुली मखमल लेवून आत येतात, बायकोच्या कपाळावर तर विकतचे कुरळे केस. लेखिका स्वतः पाद्र्याची मुलगी. तिच्या दोन थोरल्या बहिणी धर्मादाय शाळेत आजारी पडून १८२५ मध्ये गेल्या. राग कुठून आला ते कळतं. तरी खरा वाचावा तो जेनचा आतेभाऊ, पाद्री सेंट जॉन. तो ढोंगी नाही, म्हणूनच त्याची भीती वाटते. मिशनरी म्हणून हिंदुस्थानात जायचंय, तर जेनचं जर्मन बंद करून तिला हिंदुस्थानी शिकायला बसवतो. लग्नाची मागणीही कामाला माणूस हवं म्हणून. जेन बहीण म्हणून यायला तयार होते, बायको म्हणून नाही.

‘मिडलमार्च’ची लेखिका जॉर्ज एलियट (हे तिचं टोपणनाव) हिने १८४२ मध्येच चर्चला जायला नकार दिला होता. पण गंमत बघा, श्रद्धावान माणसाला समजून घेण्याची चिकाटी तिच्याकडेच जास्त. ‘मिडलमार्च’मधला (१८७१-७२) बँकर बुलस्ट्रोड चोरीचा माल पचवणाऱ्या पेढीवर वर आलेला, आणि मनापासून प्रार्थना करणारा. त्याचं बिंग फोडू शकणारा रॅफल्स त्याच्याच घरात आजारी पडतो. डॉक्टरने दारू द्यायला मनाई केलेली असते. बुलस्ट्रोड मोलकरणीला ब्रँडीच्या कपाटाची किल्ली देतो, बस. आपण पापी आहोत असं त्याला तेव्हाही धड वाटत नाही.

घाई असेल तर ‘जेन एअर’. मी मात्र ‘मिडलमार्च’च सुचवेन. सुरुवात रेंगाळते, तेवढी सोसा. ७४व्या प्रकरणात नवऱ्याची बेअब्रू कळल्यावर बुलस्ट्रोडची बायको हॅरिएट खोलीचं दार लावून घेते, दागिने उतरवते, साधा काळा झगा घालते, आणि मग खाली त्याच्याजवळ जाऊन बसते.