ब्रेक कापावा की ठोके मांडावेत? ड्रम अँड बेसमधील तालरचनेच्या तीन पद्धती

ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीताचा ट्रॅक बांधायला घेताना जुन्या रेकॉर्डवरील ब्रेक, म्हणजे केवळ ड्रम वाजतात तो तुकडा, कापून वापरायचा, की किक (पायाने वाजवायचा खर्जातला ड्रम) आणि स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) यांचे सुटे ठोके स्वतः मांडायचे, हे आधी ठरवावे लागते. माझ्या मते हा निर्णय बेसलाइनकडे, म्हणजे खर्जातल्या सुरावटीकडे, पाहून घ्यावा, कारण ड्रम जितके बोलके, तितका बेसला वाव कमी.

पहिली पद्धत जंगल या ड्रम अँड बेसच्या आधीच्या शैलीची आहे. विन्स्टन्स या गटाच्या १९६९ मधील ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेले चार बार (चार-चार मात्रांची आवर्तने) हे तिचे मूळ भांडवल. मूळ लय मिनिटाला सुमारे १३७ मात्रांची आहे. सॅम्पल, म्हणजे रेकॉर्डवरून उचललेला हा तुकडा, नुसता वेगाने वाजवून ती ड्रम अँड बेसच्या १७४ वर नेली, तर आवाज चार अर्धस्वरांहून थोडा वर चढतो आणि स्नेअर पातळ, चुरचुरीत होतो. जंगलचा ओळखीचा ध्वनी बराचसा यातूनच आला. खरे कौशल्य मात्र तुकड्यांच्या फेरमांडणीत आहे, आणि जंगल निर्माता रेमार्कचे काम ऐकले की ती किती टोकाला नेता येते हे कळते. मुख्य ठोक्यांमधल्या हलक्या घोस्ट नोट्स येथे वादकाच्या हाताचा जोर आणि खोलीची गुंज घेऊनच येतात, तर तिसऱ्या बारमधील शेवटचा स्नेअर अर्धी मात्रा उशिरा पडत असल्याने साध्या फेरफारातही लय डुलते. अडचण अशी की किक, स्नेअर आणि सिंबल एकाच रेकॉर्डिंगमध्ये मिसळलेले असतात, त्यामुळे स्नेअर उजळ करायला जावे तर सिंबलही टोचू लागते. प्रकाशनापूर्वी सॅम्पलच्या हक्कांचा प्रश्नही सोडवावा लागतो.

दुसरी पद्धत सुटे ठोके मांडण्याची, म्हणजे टू-स्टेपची. तीत किक पहिल्या मात्रेवर आणि तिसऱ्या-चौथ्या मात्रांच्या मधोमध येते, तर स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. १९९५ च्या सुमारास निर्माता अ‍ॅलेक्स रीसने हा सुटसुटीत साचा लोकप्रिय केला. प्रत्येक ठोका वेगळ्या चॅनेलवर असल्याने किकची लांबी आणि स्नेअरचा सूर हवा तसा बसवता येतो, आणि जड बेसला मोकळी जागा मिळते. परंतु केवळ एवढ्यावर भागवले, तर ताल लवकरच यांत्रिक वाटू लागतो.

तिसरी पद्धत, म्हणजे प्रत्येक ठोका किंवा तुकडा बारकाईने स्वतः घडवण्याची, सर्वांत कष्टाची. निर्माता फोटेकने नव्वदच्या दशकात एकेक ठोका मांडून गुंतागुंतीचे ताल उभे केले. अमिगा संगणकावरील ऑक्टामेड हा ट्रॅकर (ठोके ओळीने भरण्याचा प्रोग्राम) वापरणाऱ्या पॅराडॉक्सने ड्रमफंक या ड्रमप्रधान उपशैलीत ब्रेकच्या तुकड्यांवर तितकेच बारीक काम केले. १७४ च्या लयीत मात्रेचा चौथा भाग सुमारे ८६ मिलिसेकंदांचा असतो. एवढ्या छोट्या अवकाशात प्रत्येक घोस्ट नोटची तीव्रता आणि किंचित पुढे-मागे सरक स्वतः ठरवावी लागते. ड्रम हेच ट्रॅकचे कथानक असेल, तरच हा खटाटोप सार्थ ठरतो.

नवशिक्याने सुरुवात कापलेल्या ब्रेकने करावी, असे मी आग्रहाने सांगेन. घोस्ट नोट्स कुठे आणि किती हलक्या पडतात, हे प्रत्यक्ष वादनातून कानाला जितके उमगते, तितके पडद्यावरच्या ग्रिडच्या चौकटींत ठोके भरून उमगत नाही. बेस मात्र भारदस्त असेल, तर टू-स्टेपचा सांगाडा घ्यावा, त्याखाली २०० ते ३०० हर्ट्‌झच्या खालचा भाग काढून टाकलेला ब्रेक हळू आवाजात ठेवावा, आणि ब्रेकमधील स्नेअर सुट्या स्नेअरशी तंतोतंत जुळवून घ्यावा; तो जरा जरी आगेमागे राहिला, तरी स्नेअरची धार बोथट होते.