प्राइम९५ : फुकटात भारी, पण नागपूरच्या उन्हाळ्यात जरा सांभाळून

प्राइम९५ हे सॉफ्टवेअर फुकट आहे त्यामुळे पैसा वसूल वगैरे प्रश्नच नाही, प्रश्न लाइट बिलाचा आहे. जॉर्ज वोल्टमननं १९९६ मध्ये गिम्प्स नावाचा मोठ्या मूळ संख्या शोधायचा प्रोजेक्ट सुरू केला, तेव्हापासून जगभरातले लोक आपापल्या कॉम्प्युटरवर हे सॉफ्टवेअर लावून मर्सेन मूळ संख्या शोधून राहिले. म्हणजे २ चा घात घ्यायचा अन त्यातून १ वजा. घातांक पण मूळच लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही, ११ मूळ आहे तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ हा २३ गुणिले ८९ निघतो, खेळ खलास.

तपासायची लुकास-लेहमर पद्धत मात्र मस्त आहे, ३१ (२ चा ५ वा घात वजा १) घेऊन वहीवर करून पाहा. ४ पासून सुरू करा, वर्ग करून २ वजा करा, ३१ नं भागून बाकी ठेवा. १४ येते, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी शून्य. शून्य आलं की मूळ! आता हेच २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ या संख्येसाठी करायचं, जवळपास घातांकाइतक्याच म्हणजे १३ कोटींहून जास्त वेळा, ४ कोटी १० लाख अंकी आकड्यांवर. हीच सध्याची सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या, ल्यूक ड्युरांटला ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली, तीही ग्राफिक्स कार्डांवर. बायनरीत लिहिली तर नुसते एकावर एक एक, मधे एकही शून्य नाही.

प्राइम९५ स्वतः फक्त प्रोसेसर वापरते. अन वापरते म्हणजे पिळूनच काढते! मे महिन्यात खोलीत कूलर असूनही लॅपटॉपचा पंखा असा बोंबलत होता की घरचे विचारायला आले. लॅपटॉपवर लावूच नका बे, डेस्कटॉप असेल तर रात्री लावा. लाइन गेली तरी टेन्शन नाही, मधेमधे सेव्ह करते, तिथूनच पुढे चालू होते.

मला खरा फायदा टॉर्चर टेस्टचा, म्हणजे कॉम्प्युटरला पूर्ण ताण देऊन तपासायच्या सोयीचा झाला. सीताबर्डीवरच्या एका दुकानातून असेंबल करून घेतलेला पीसी अधूनमधून बंद पडायचा, दुकानदार म्हणे विंडोज खराब आहे भाऊ. पहिल्यांदा उघडल्यावर हे विचारते की गिम्प्समध्ये यायचं की नुसती स्ट्रेस टेस्ट, ती दुसरी निवडली अन थोड्याच वेळात एरर, राउंडिंग, म्हणजे आकडे पूर्णांकात बदलतानाची चूक, ०.५ आली, ०.४ पेक्षा कमी पाहिजे होती. उत्तरं आधीच माहीत असलेली गणितं करायला लावते त्यामुळे हार्डवेअरनं कुठं गडबड केली ते लपत नाही. स्क्रीनशॉट दाखवला तेव्हा कुठं रॅम बदलून दिली, तेही कुरकुर करत.

दिसायला एकदम विंडोज ९८ च्या काळातलं आहे, मेन्यूत काय कुठं आहे ते शोधत बसावं लागते. अन रेकॉर्ड आपल्याच घरी सापडेल या आशेनं लावत असाल तर राहू द्या, २०१८ नंतरची पुढची थेट २०२४ मध्ये सापडली. पाचपैकी चार.