निवडणूक आयोगाचा सांख्यिकी अहवाल: गुजरात एकतर्फी कसा झाला, हे यातून कळतं का?

विधानसभा निवडणुकीनंतर भारत निवडणूक आयोग काढतो तो सांख्यिकी अहवाल फुकट मिळतो, आणि चुरशीचं राज्य एकाच पक्षाच्या हाती कसं गेलं हे तपासायला याहून भरवशाचं साधन नाही. मात्र जागांच्या तक्त्यावर थांबलात तर हाच अहवाल दिशाभूल करेल.

गुजरातचे २०१७ आणि २०२२ चे अहवाल शेजारी ठेवा. भाजप ९९ वरून १५६, काँग्रेस ७७ वरून १७. सरळ लाट वाटते. आता पक्षनिहाय मतं बघा. भाजप ४९.०५ वरून ५२.५० टक्के, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्क्यांची भर. काँग्रेस मात्र ४१.४ वरून २७.३ वर, आणि आधी नगण्य असलेल्या आम आदमी पक्षाला (‘आप’) जवळपास १३ टक्के.

पुढची आकडेमोड कॅल्क्युलेटरवर होते. प्रत्येक पक्षाचा वाटा दशांशात घेऊन त्याचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा, १ ला त्या बेरजेने भागा. उत्तर म्हणजे प्रभावी पक्षसंख्या, म्हणजे खऱ्या अर्थाने वजन असलेले पक्ष साधारण किती. मतांवर ती सुमारे २.४ वरून २.७ वर चढते, जागांवर २.१ वरून १.३ वर कोसळते. मतं विखुरली आणि सभागृह एकवटलं! एकतर्फीपणाचं निम्मं गमक इथेच आहे.

अनामत जप्तीचा रकानाही सोडू नका. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जाते. दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष सलग दोनदा जिथे ती गमावतो, तिथे त्याची संघटना उरलेली नसते.

चुका ठरलेल्या आहेत. ‘लढवलेल्या जागांवरील टक्केवारी’ हा राज्यभरातला वाटा समजला जातो. २००७ आणि २०१२ चे मतदारसंघ नावावरून जुळवले जातात, पण मध्ये पुनर्रचना झाली आणि हद्दी बदलल्या. जुन्या पीडीएफमधून तक्ते उचलताना रकाने सरकतात, म्हणून बेरीज पडताळा.

मोठी उणीव पक्षांतराची. काँग्रेस आमदारांच्या राजीनाम्यांनी रिकाम्या झालेल्या ८ जागा २०२० च्या पोटनिवडणुकांत भाजपने जिंकल्या, त्याचा या दोन्ही अहवालांत मागमूस नाही. ‘आप’ची मतं नेमकी कुणाची हेही यातून ठरत नाही. त्यासाठी मतदान केंद्रनिहाय मतांचा फॉर्म २० लागतो, आणि तोही फक्त अंदाजापर्यंत नेतो.