क्यूजीआयएस आणि ऑनलाइन नकाशे: बरेच महिने वापरल्यावर काय काय अडतं आणि आधी कुठे बघायचं

फीचर्सची यादी देणार नाहीये, ती कुठेही मिळते. डेस्कटॉपवर क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) आणि तयार नकाशा लोकांना दाखवायला ब्राउझरमधला एक ऑनलाइन प्लॅटफॉर्म (नाव नाही घेत) अशी जोडी बरेच महिने वापरतोय, त्यात जे अडलं, कशामुळे अडलं आणि कसं सुटलं एवढंच लिहितोय. मत आधीच सांगून टाकतो. "सॉफ्टवेअर चालत नाही" म्हणून आपण बोंब मारतो तेव्हा बहुतेक वेळा सॉफ्टवेअर ठणठणीत असतं, गडबड फाइलमध्ये असते, त्यामुळे अनइन्स्टॉल करून परत टाकण्यात अर्धा दिवस घालवायची गरज जवळपास कधीच पडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार म्हणजे लेअर (नकाशावरचा एक थर, रस्त्यांचा किंवा गावांचा वगैरे) टाकला, यादीत दिसतोय, टिक पण आहे, आणि नकाशा कोरा. पहिलं काम, लेअरवर राइट क्लिक करून झूम टू लेअर. त्यानंतर तुम्ही आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात समुद्रात जाऊन पडलात तर समजायचं की प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) चुकीचं लागलंय, कारण शून्य अक्षांश शून्य रेखांश तिथेच आहे. होतं असं की फाइलमधले आकडे असतात अंशांत आणि लेबल लागलेलं असतं ईपीएसजी ३८५७ चं (ईपीएसजी म्हणजे अशा पद्धतींचे ठरलेले क्रमांक), म्हणजे मीटरवालं, मग ७० अंश हे ७० मीटर म्हणून वाचले जातात आणि अख्खा लेअर एका ठिपक्याएवढा होऊन तिथे बसतो. ओळखायची खूण सोपी आहे, लेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये एक्स्टेंट (लेअर कुठून कुठपर्यंत पसरलाय ते) बघा, आकडे -१८० ते १८० च्या आत असतील तर अंश, सहा-सात आकडी असतील तर बहुतेक मीटर.

आणि इथेच माणसं दुसऱ्या खड्ड्यात पडतात. सीआरएस म्हणजे आतले आकडे कुठल्या पद्धतीतले ते, आणि सेट सीआरएस आणि रिप्रोजेक्ट या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. सेट सीआरएस फक्त लेबल बदलतं, आतले आकडे आहेत तसेच राहतात, म्हणून ते तेव्हाच वापरायचं जेव्हा लेबल नाहीये किंवा चुकीचं आहे. आकडेच बदलून हवे असतील तर रिप्रोजेक्ट लेअर नाहीतर एक्स्पोर्ट करताना नवीन सीआरएस निवडायचं. लेअर दिसत नाही म्हणून सेट सीआरएसमध्ये एकेक पर्याय लावून बघत बसणारे लोक मी पाहिलेत, दिसतो शेवटी कुठेतरी, पण शंभर मीटर सरकलेला, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही हे जास्त वाईट.

बफरचं, म्हणजे एखाद्या गोष्टीभोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढायचं, पण तेच. लेअर ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अंशांत आहे, तुम्ही अंतरात १०० टाकलं, तर ते १०० अंश. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, तेव्हा काय होईल कल्पना करा. रकान्याशेजारी डिग्रीज असं लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही. क्षेत्रफळाचं तर विचारूच नका. वेब मर्केटरवर (म्हणजे वरचं ३८५७) ६० अंश अक्षांशापाशी क्षेत्रफळ जवळपास चौपट येतं, आणि क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरचं चिन्ह लावलेलं एरिया प्रोजेक्टचं एलिप्सॉइड (पृथ्वीचा किंचित चपटा गोल आकार) धरून हिशोब करतं तर नुसतं एरियाचं फंक्शन सपाट कागदावर मोजल्यासारखं मोजतं, म्हणून एकाच जमिनीचे दोन आकडे येतात आणि ऑफिसात भांडणं.

शेपफाइल या नकाशाचा डेटा ठेवायच्या जुन्या फॉरमॅटबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते सुधारायची शक्यता नाही. एक फाइल म्हणतात पण किमान तीन लागतात, एसएचपी, एसएचएक्स आणि डीबीएफ, शिवाय पीआरजेमध्ये प्रोजेक्शन, सीपीजीमध्ये एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत), आणि लोक मेलवर पाठवतात फक्त एसएचपी. रकान्याचं नाव जास्तीत जास्त १० बाइटचं. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजून, म्हणजे रकान्याला मराठी नाव द्यायचं तर तीन चिन्हांत उरका. मजकुराच्या रकान्याची मर्यादा २५४ बाइट, तिथे पण चौऱ्याऐंशीच्या आसपास चिन्हं झाली की वाक्य कापलं जातं. सीपीजी हरवली की नावांच्या जागी प्रश्नचिन्हं नाहीतर अगम्य चिन्हं, तेव्हा लेअर प्रॉपर्टीजमध्ये सोर्समध्ये जाऊन एन्कोडिंग यूटीएफ-८ करून बघा, बरेचदा तेवढ्यानं भागतं. मी सगळं जिओपॅकेज या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये हलवलं, एकच फाइल आणि ही बंधनं नाहीत. फक्त ती आतून एसक्यूलाइट डेटाबेस आहे, त्यामुळे क्लाउडला सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून उघडी सोडली की लॉक झाल्याची एरर येऊ शकते, काम लोकल ड्राइव्हवर करा आणि नंतर कॉपी टाका.

जॉइन (लेअरला कोडावरून दुसरा तक्ता जोडणं) लागत नाही आणि सगळे रकाने नल, म्हणजे रिकामे येतात? एका बाजूला कोड टेक्स्ट आहे आणि दुसऱ्या बाजूला आकडा, किंवा स्प्रेडशीटनं सुरुवातीचे शून्य खाल्लेत. नव्वद टक्के हेच. इंटरसेक्शन (दोन लेअरचा सामाईक भाग काढणं), डिझॉल्व्ह (आकार एकत्र करणं) मधेच बंद पडलं तर आधी फिक्स जॉमेट्रीज हे टूल चालवून बिघडलेले आकार दुरुस्त करा. क्यूजीआयएस सुरू होताच क्रॅश होत असेल तर कमांडवरून नवीन युझर प्रोफाइल करून त्यात उघडा, त्यात नीट चाललं म्हणजे दोषी एखादं प्लगइन किंवा सेटिंग.

डेस्कटॉपची एक गोष्ट मला मनापासून आवडते, ते तक्रार करतं. लॉग मेसेजेसच्या पॅनेलमध्ये लाल अक्षरात काहीतरी लिहून ठेवतं, भाषा किचकट असते पण धागा मिळतो. ऑनलाइन नकाशा टाइल्सचा, म्हणजे छोट्या चौकोनी तुकड्यांचा बनतो, आणि त्या आल्या नाहीत की ऑनलाइनवाले शांतपणे करडे चौकोन दाखवतात आणि बसतात. तिथे एफ१२ दाबून नेटवर्कचा टॅब बघायची सवय लावा, खरंच. ४०३ दिसलं तर एपीआय की (नकाशाची सेवा वापरायची किल्ली) चुकीची, मर्यादा संपलेली किंवा तुमचं डोमेन परवानगीत नाही, ४०४ दिसलं तर पत्ता चुकलाय किंवा त्या झूमची टाइलच नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या नेहमीच्या टाइल्स झूम १९ पर्यंतच असतात, पुढे मागितल्या की मिळणार नाहीत. आणि त्यांच्या सर्व्हरवरून ढीगभर टाइल्स उतरवून घ्यायला मनाई आहे ते योग्यच, झूम शून्यला एक टाइल, पुढे प्रत्येक पायरीला चौपट, म्हणजे झूम १८ ला जगाच्या ६८ अब्जांहून जास्त टाइल्स होतात!

अर्धा नकाशा करडा आणि अर्धा बरोबर, तो पण टॅब बदलल्यावर? लीफलेटमध्ये (वेबपानावर नकाशा दाखवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) हे होतं कारण नकाशा लपलेल्या डब्यात तयार झाला आणि त्याला स्वतःची रुंदी कळली नाही, दिसल्यानंतर इनव्हॅलिडेटसाइज हे फंक्शन बोलावलं की झालं. ठिपके भलत्याच देशात पडत असतील तर क्रम तपासा, जिओजेसन या डेटाच्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी, लीफलेटमध्ये अक्षांश आधी. माझं लोकेशन दाखवा हे बटण गप्प बसत असेल तर पान एचटीटीपीएसवर आहे का बघा, क्रोमनं २०१६ पासूनच साध्या एचटीटीपीवर लोकेशन देणं बंद केलंय. नकाशा जड होऊन पान अडकत असेल तर दशांश कमी करा, पंधरा घरं ठेवून काय मिळतं, सहा घरांत साधारण ११ सेंटिमीटरपर्यंत अचूकता येते, फाइल बऱ्यापैकी उतरते.

एक गोष्ट अजून नीट सुटलेली नाही. वेक्टर टाइल्सवाल्या (जिथे तयार चित्र न येता डेटा येतो आणि नकाशा ब्राउझर काढतो) काही नकाशांत मराठी नावांची जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्या जागी जातात, कारण तिथे अक्षरं सुटी सुटी चित्रं म्हणून ओळीत मांडली जातात आणि देवनागरीला ते चालत नाही. डेस्कटॉपवर तीच नावं व्यवस्थित दिसतात. सध्या मी क्यूजीआयएसमधूनच लेबलांसकट रास्टर, म्हणजे तयार चित्रांच्या टाइल्स काढून वर चढवतो, जागा जास्त जाते, आणि नाव दुरुस्त करायचं झालं की तेवढ्या टाइल्स पुन्हा काढाव्या लागतात.