डिस्कसची पिल्लं: मोकळा तळ का झाडांचा टँक?
दोन-अडीच इंची डिस्कस (टँकमध्ये पाळायचा गोल, चपटा शोभेचा मासा) आणली की पहिला प्रश्न हाच, तळ मोकळा ठेवायचा का वाळू टाकून झाडं लावायची. झाडांचा टँक दिसतो लई भारी, आलेला पाहुणा बघतच बसतो, पण पिल्लांना दिवसातनं चार-पाच वेळा खायला लागतं, उरलेलं वाळूत शिरून कुजतं, अमोनिया वाढतो, मग पिल्लू काळं पडून कोपऱ्यात बसतं आणि एकदा वाढ खुंटली की नंतर नीट भरून निघत नाही. शिवाय पाणी 28 ते 30 डिग्री, त्यात बरीच झाडं टिकतच नाहीत, अनुबियास चालतं.

म्हणून मासा तळहाताएवढा होईपर्यंत माझं मत मोकळ्या तळालाच. घाण लगेच दिसते, सायफन (घाण ओढून काढायची नळी) फिरवला की झालं. मी रोज निम्मं पाणी बदलतो, नळाचं पाणी आदल्या रात्री पिंपात एअर पंप लावून ठेवतो म्हणजे क्लोरीन उडतं, आणि कोल्हापुरात डिसेंबरात पहाटे चांगलाच गारठा असतोय त्यामुळं पिंपातही हीटर पाहिजेच, गार पाणी थेट ओतू नका भावांनो.

टँक कुठलाही असू दे, पिल्लं सहा तरी एकत्र ठेवा, दोन-तीनच असली तर थोरलं धाकट्याला खाऊच देत नाही.