मंदीत गावाने आधी काय मागावे : बेरोजगारांचा हक्काचा पैसा की गावाचा विकास निधी?

खेड्यात मंदीची पहिली खबर एसटीच्या थांब्यावर कळते. बुटीबोरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर असलेला मुलगा बॅग घेऊन उतरतो, घरी आठ दिवसांची सुट्टी म्हणून सांगतो आणि पंधराव्या दिवशी बापासोबत वावरात जाऊ लागतो. अशी दहा-पंधरा मुले परतली की ग्रामसभेत दोन तट पडतात. काहींना वाटते की मजुरी, भत्ता, विम्याचे पैसे असे जे काही कायद्याने देणे आहे ते आधी पदरात पाडून घ्यावे. इतरांचे म्हणणे असे की त्याने फार तर दोन-तीन महिने निघतील, त्यापेक्षा गावासाठी निधी आणून कायमचा धंदा उभा करावा. दोन्ही मागण्या रास्त आहेत, परंतु सरपंच, ग्रामसेवक, रोजगार सेवक आणि बचत गटातील लिहित्या-वाचत्या दोन-चार बाया एवढेच गावाचे मनुष्यबळ असते आणि त्यांचे कष्ट दोन्हीकडे सारखे वाटले तर दोन्ही कामे अर्धवट राहतात. ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

आधी हक्काच्या पैशाचे पाहू, कारण त्याविषयी गैरसमज अधिक आहेत. महाराष्ट्रात प्रत्येक बेरोजगाराला सरसकट मिळणारा मासिक भत्ता नाही. जे आहे ते तीन-चार वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहे आणि कोणता माणूस कोणत्या कायद्यात बसतो हे त्याच्या आधीच्या कामावरून ठरते.

कारखान्यातून परतलेल्या मुलाची जुनी पगारचिठ्ठी सर्वप्रथम पाहावी. तीवर कर्मचारी राज्य विम्याची (ESI) 0.75 टक्के कपात दिसत असेल, म्हणजे 12,000 रुपयांच्या पगारावर 90 रुपये, तर तो विमाधारक आहे. कंत्राटी असला तरी आहे. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना हा विमा लागू होतो. जुलै 2018 मध्ये सुरू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत अशा कामगाराला नोकरी गेल्यावर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी रोख साहाय्य मिळते. सुरुवातीला ते सरासरी दैनिक वेतनाच्या 25 टक्के होते; कोरोनाच्या टाळेबंदीत, 24 मार्च 2020 पासून, ते 50 टक्के करण्यात आले. रोज 400 रुपये पडत असतील तर 50 टक्के दराने 90 दिवसांचे 18,000 रुपये होतात. नोकरीला दोन वर्षे झालेली असणे आणि ठरावीक दिवसांची वर्गणी जमा असणे ही अट आहे, आणि वाढीव दर मुदतीचा असल्याने अर्जाच्या वेळी लागू असलेला दर विचारून घ्यावा. गावात परतलेल्यांपैकी फार थोड्यांना ही योजना ठाऊक असते. मुलाला आपला विमा क्रमांकही सांगता येत नाही आणि ठेकेदाराचा फोन बंद असतो, म्हणून पगारचिठ्ठी जपून ठेवण्याला एवढे महत्त्व आहे.

बांधकामावर गेलेल्यांसाठी राज्याचे इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात 90 दिवस काम केल्याच्या दाखल्यावर तिथे नोंदणी होते. 2020 च्या टाळेबंदीत या मंडळाने नोंदणी असलेल्यांच्या खात्यात 2,000 रुपये आणि 2021 मध्ये 1,500 रुपये टाकले. नोंदणी नसलेल्या, त्याच मचाणावर विटा उचलणाऱ्या माणसाला काहीच मिळाले नाही. रक्कम लहान होती, पण संकटाच्या पहिल्याच महिन्यात आली हे विसरता येत नाही.

उरलेल्या सर्वांसाठी, म्हणजे गावातील बहुतेकांसाठी, रोजगार हमी हाच खरा आधार आहे. ही कल्पना मुळात आपल्या राज्याची. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर 1975 मध्ये याच योजनेसाठी बसवण्यात आला. याचा अर्थ असा की मंदीत मजुरी मागणारा माणूस कोणापुढे हात पसरत नाही. राज्याने त्याच्या नावावर कर गोळा केलेला आहे.

2005 च्या राष्ट्रीय कायद्याने काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम देणे बंधनकारक केले. ते दिले नाही तर पहिल्या 30 दिवसांसाठी मजुरीदराच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मा बेरोजगार भत्ता राज्य सरकारने द्यायचा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्राचा 2025-26 चा दर रोजचे 312 रुपये धरला तर भत्ता आधी 78 आणि नंतर 156 रुपये पडतो. तरीही हा भत्ता मिळालेला माणूस शोधूनही सापडत नाही, आणि त्याचे कारण मी डोळ्यांनी पाहिले आहे.

जून 2020 मध्ये आमच्या भागातील एका पंचायतीत कामाच्या मागणीच्या अर्जांचा, म्हणजे नमुना 4 चा, गठ्ठा माझ्या हातात आला. नाव, जॉबकार्डाचा म्हणजे रोजगार हमीच्या ओळखपत्राचा क्रमांक, सही किंवा अंगठा, सगळे जागच्या जागी होते. तारखेचा रकाना मात्र एकूण एक अर्जावर रिकामा होता. काम मंजूर झाले की मस्टरच्या, म्हणजे हजेरीपटाच्या, तारखेशी जुळणारी तारीख तिथे भरली जाणार होती. अर्ज दिल्यानंतर 40 दिवसांनी पांदण रस्त्याचे काम निघाले, आणि कागदावर विलंब झालाच नसल्याने भत्त्याचा प्रश्नही उरला नाही. त्या वर्षीचा दर 238 रुपये होता. पंधरा दिवस सोडून उरलेल्या 25 दिवसांचा चतुर्थांश भत्ता काढला तर माणशी जवळपास 1,500 रुपये होतात. एका रिकाम्या रकान्याने प्रत्येक घरातील महिनाभराचा किराणा गेला. तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय पंचायतीच्या ओट्यावरून उठायचे नाही, एवढा एक नियम गावाने पाळला असता तर ते पैसे मागता आले असते.

आता दुसरी बाजू. गावाच्या विकासाचा पैसा म्हणताना आपण अनेक वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली बोलतो, आणि मंदीत त्यांचे वागणे एकसारखे नसते. ज्या निधीला वरून मंजुरी लागते तो सर्वांत आधी आटतो. राज्याच्या वित्त विभागाने 4 मे 2020 रोजी शासन निर्णय काढून विकास योजनांसाठी त्या वर्षीच्या तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल असे ठरवले आणि नवी कामे थांबवली. त्याच्या आदल्या महिन्यात केंद्राने खासदार निधी दोन वर्षांसाठी स्थगित केला होता. त्याच मे महिन्यात रोजगार हमीसाठी मात्र केंद्राने 40,000 कोटी रुपये वाढवून दिले. सभामंडप, व्यायामशाळा, बाजारओटे यांचे प्रस्ताव घेऊन त्या वर्षी मंत्रालयाच्या वाऱ्या करणाऱ्या गावांच्या हाती काय आले असेल हे यावरून समजते. माझ्या मते दोन पर्यायांतील सर्वांत मोठा फरक हाच आहे: कायद्याने मागता येणारा पैसा मंदीत टिकतो किंवा वाढतो, मर्जीने मिळणारा पैसा मंदीत कापला जातो.

कापला न जाणारा सामूहिक पैसाही असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 80 टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीकडे येत असे. मात्र 2021 पासून त्यातील 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठीच खर्च करायची होती, त्यामुळे रोजगारासाठी फारसे उरत नसे. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के अबंध निधी मिळतो आणि तो कसा वापरायचा हे ग्रामसभा ठरवते. चंद्रपूर, नागपूर, यवतमाळच्या कोळसापट्ट्यातील गावांसाठी 2015 च्या दुरुस्तीने आलेले जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. त्याचा पैसा खाणचालक स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) जोडीला वेगळा भरत असल्याने राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला म्हणून तो थांबत नाही.

परंतु ज्या गावांनी सामूहिक बळावर वाईट काळ काढला ती गावे मंदी आल्यावर जागी झाली नव्हती. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला वन हक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क 2009 मध्ये मिळाला आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार एप्रिल 2011 मध्ये हाती आला. त्याच्या कितीतरी आधीपासून 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असे म्हणत ते गाव एकमताने निर्णय घेत आले होते. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने बांबूची विक्री हाती घेतली आणि तेंदूपाने तोडणे बंद केले, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हाताशी आलेले उत्पन्न जंगलासाठी सोडून देणारी ग्रामसभा हिशेबाच्या वह्याही चोख ठेवते, आणि अशाच ग्रामसभेला अडचणीच्या वर्षी आपल्या माणसाला काम देता येते. हे बळ सहा महिन्यांत उभे राहत नाही.

बचत गटाच्या मार्गाचेही असेच आहे. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील गटांना फिरता निधी मिळतो, 2020 मध्ये तारणाशिवाय कर्जाची मर्यादा 10 लाखांवरून 20 लाख करण्याची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटाच्या प्रत्येक सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल व यंत्रासाठी 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, अनुदान मिळू शकते. आकडे मोहात पाडणारे आहेत. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दालमिल वऱ्हाडातील गटांना चांगली परिचयाची आहे आणि चालवणाऱ्या गटांनी ती उत्तम चालवली आहे. मात्र मी एका गावात अशीच एक दालमिल पाहिली, जिच्यावर युरियाच्या रिकाम्या पोत्यांची शिवलेली पाल टाकलेली होती आणि पट्ट्याला घुशींनी कुरतडले होते. गट घाईने बांधलेला होता, थ्री फेजची जोडणी मिळायला एक हंगाम गेला आणि तूर विकत घ्यायला खेळते भांडवलच उरले नाही. कर्जाचा हप्ता मात्र चालू झाला. ज्या बाया मजुरीवर जाऊन हप्ता फेडत होत्या त्यांना तो निधी आणखी एक ओझे होऊन बसला होता.

पैसा कोणापर्यंत पोचतो हाही फरक ध्यानात घ्यावा लागतो. मजुरी आणि भत्ता नावावर येतात. भूमिहीन, विधवा, घरात कोणाचा आधार नसलेली बाई, यांना त्यासाठी कोणाच्या गटात शिरावे लागत नाही. जॉबकार्ड कुटुंबाचे असते, तेव्हा परतलेल्या मुलाचे नाव त्यात चढवून घेतले की तोही त्यात बसतो. सामूहिक निधीचा लाभ मात्र आधीपासून सभासद असलेल्यांकडे जातो, आणि उमेदचे गट स्त्रियांचे असल्याने नोकरी गेलेल्या तरुणाला तो आई किंवा बायकोमार्फतच मिळू शकतो. उलट हक्काच्या पैशाची उणीव ही की तो संपल्यावर मागे काही राहत नाही.

काही राहू शकेल अशी एक वाट पूर्व विदर्भात आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मालगुजारांच्या काळातील मामा तलाव आहेत आणि त्यांतील बरेच गाळाने भरलेले आहेत. गाळ काढण्याची मजुरी रोजगार हमीतून निघते, गाळ धानाच्या बांध्यांत पडतो आणि वाढलेल्या पाण्यात ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थेला बीज सोडता येते. मेंढा (लेखा) ग्रामसभेने तर रोजगार हमीची कार्यान्वयन यंत्रणा म्हणून स्वतःलाच मान्यता मिळवून घेतली. गावात तलाव, गायरान किंवा वनहक्काची जमीन असेल तर मजुरी मागतानाच काम कोणते हेही ग्रामसभेने ठरवावे. पांदण रस्त्यावर मुरूम टाकण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

नियम बदलले आहेत याची जाणीव ठेवावी. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस 100 वरून 125 झाले, पण मजुरीसह खर्चाचा 40 टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांवर आला आणि पेरणी-कापणीच्या काळात 60 दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभा राज्याला मिळाली. मंदीत राज्याचे उत्पन्न घटते आणि नेमका तेव्हाच हा वाटा द्यायचा असतो, ही मला खरी चिंता वाटते. कापूस वेचणीचे दिवस संपल्यावर, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, आपल्याकडे हाताला काम नसते. त्यामुळे मागणीचे अर्ज जानेवारीतच तयार असावेत.

माझा कौल असा. पहिले तीन-चार महिने गावाने आपले सगळे मनुष्यबळ हक्काच्या पैशावर लावावे: विम्याचे दावे, जॉबकार्डातील नावे आणि मागणीचे अर्ज. सामूहिक निधीचा प्रस्ताव त्याच वेळी हाती घ्यायचा की नाही, हे ठरवण्यासाठी ग्रामसभेत तीन वह्या टेबलावर मागाव्यात: गटाची किंवा समितीची मागच्या दोन वर्षांची इतिवृत्ताची वही, बँकेच्या पासबुकाशी जुळणारी हिशेबाची वही आणि माल कोणाला कोणत्या भावाने विकला त्याची नोंद. तिन्ही असतील तर प्रस्ताव जरूर पाठवावा, आणि आपल्या भागात खनिज प्रतिष्ठानाचा किंवा अबंध निधीचा पैसा असेल तर तिथेच पाठवावा. नसतील तर तो विषय पुढच्या आर्थिक वर्षात घ्यावा, आणि त्या दिवशीची सभा तारीख घातलेली पोच प्रत्येकाच्या हातात पडल्यावरच उठवावी.