ठासणीच्या बंदुकीला नवीन निपल, 8 महिने वापरल्यावर

निपल म्हणजे घोड्याखालची पोकळ खुंटी, जिच्यावर ठोक्याने पेटणारी टोपी बसते. त्या साडेतीनशे रुपयांच्या निपलपायी माझे साडेचार हजार गेलेत, त्यामुळे सूर कडवट लागला तर समजून घ्या.

बंदूक आजोबांची, एकनळी, शहापूरच्या शेतीच्या राखणीला घेतलेली. आता परवाना माझ्या नावावर आणि ती राहते ठाण्यात, आमच्या कपाटात. 2024 च्या लोकसभेला आचारसंहितेत जमा करून परत आणली, त्या पावसाळ्यापासून एकच रड. घोडा पडला की नुसतं टक्. मग मिनिटभर नळी समोर धरून उभं राहायचं, परत घोडा ओढायचा, की मग बार. टोप्यांना शिव्या घातल्या, डबी बदलली, फरक शून्य. पहिला कारागीर म्हणाला घोड्याची कमान (स्प्रिंग) मेलीय, बदलली, बावीसशे घेतले, तरी टक्. मग त्याने 6 मिलिमीटरचं निपल बसवलं. आमचं भोक पाव इंची म्हणजे 6.35, निपल आत डुलायला लागलं, तर पठ्ठ्याने नळाला गुंडाळतात ती टेफलॉन टेप गुंडाळून दिली! अहो, गळकं बेसिन आहे का हे? उडालं तर सरळ माझ्या डोळ्यात. भांडलो, पैसे काही परत मिळाले नाहीत.

दुसरे काका मुंबईतले, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर सडून गेलो. त्यांनी आधी आटे मोजायची पट्टी लावली, पाव इंच जाडी, इंचाला 28 आटे, त्याच मापाचं नवं निपल हाताने शेवटपर्यंत फिरवलं, पाना फक्त शेवटच्या पिळाला. मग मूळचं निपल भिंगाखाली धरलं. तोंड कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरलेलं, टोपी पूर्ण खाली जायचीच नाही, पहिल्या ठोक्याला ती नुसती बसायची आणि दुसऱ्याला फुटायची.

"टोपी न लावता रिकामा घोडा कोण पाडतं? त्यानेच तोंड पसरतं," काकांनी विचारलं. मी गप्प. दर दिवाळीला भाच्यांना टक् टक् करून दाखवणारा मीच की. पहिल्यावरचा राग निम्मा तिथेच उतरला, टेपचा मात्र नाही.

त्यानंतर तीसेक बार झाले, एकही फुसका नाही. पण सफाई टाळू नका, काळी दारू जळून निम्म्याहून जास्त घाणच मागे राहते, ती हवेतलं पाणी ओढते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात रात्रभरात गंज. नुसतं तेल चोळून भागत नाही, आधी गरम पाणी-साबण, फडक्याने कोरडी, मग तेल. निपल दर वेळी काढतो, आट्यांना बोटभर ग्रीस. बायको म्हणते कुकर कधी एवढा घासला नाहीस.

जुनी कमान परत मागायला गेलो होतो, चांगलीच होती ना ती. तर म्हणे, भंगारात गेली.